दोन पेशींमधली फट

मण्यार चावली तर बहुधा फारसे दुखत नाही. नाग, घोणस किंवा फुरसे चावले की सूज, आग आणि ठणका यांवरून माणसाला काहीतरी घडल्याचे कळते. मण्यारीचे दात मात्र इतके बारीक असतात आणि तिचे विष चावल्या जागेला इतके कमी दुखावते, की पावसाळ्याच्या रात्री जमिनीवर चटई टाकून झोपलेला माणूस कूस बदलतो आणि पुन्हा झोपी जातो. पहाटे त्याच्या पोटात दुखू लागते, मग पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते, बोलणे नाकातून येऊ लागते, आणि काही तासांत श्वासाचे स्नायू काम सोडून देतात. आमच्या भागात असे कितीतरी मृत्यू ‘रात्री जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही’ एवढ्या एका वाक्यात मिटून गेले असतील.

माझा चुलतभाऊ वाचला, तो कोणीतरी त्याच्या पापण्यांकडे पाहिले म्हणून. तो पडवीत झोपला होता. पहाटे पोट धरून उठला तेव्हा काकीने त्याला ओवा चघळायला दिला होता आणि रात्रीच्या जेवणावर दोष ठेवून झाला होता. तेवढ्यात शेजारचे एक वयस्क गृहस्थ आले आणि म्हणाले, “माझ्याकडे बघ रे.” त्याला बघता आले, पण त्यासाठी मान मागे टाकावी लागली, कारण पापण्या अर्ध्यावरून वर जात नव्हत्या. गाडीत घालून त्याला तालुक्याला नेले, तिथून पुढे नेले, आणि पोहोचेपर्यंत त्याला स्वतःची लाळही गिळता येत नव्हती. सर्पविषावरची लस दिली गेली, पण त्याला खरे तारले ते कृत्रिम श्वासाच्या यंत्राने. बाहेरून पाहणाऱ्याला तो गेल्यातच जमा होता. हात उचलून सोडला की खाली पडत होता आणि डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशालाही आकसत नव्हत्या. पुढे तो बोलू लागला तेव्हा त्याने सांगितले की त्याला सगळे ऐकू येत होते. उशाशी कोण रडले, त्याच्या मुलाचे शिक्षण कोणी पाहायचे याची चर्चा कोणी केली, हे त्याने शब्दन् शब्द सांगितले. मण्यारीच्या दंशातला रुग्ण मेंदूने मेल्यासारखा दिसतो आणि तरीही पूर्ण शुद्धीवर असू शकतो, हे अशा रुग्णाजवळ बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.

मेंदू शाबूत, मज्जातंतूंतून धावणारी विजेची लहर शाबूत, स्नायूही शाबूत, आणि तरी माणूस पापणी उचलू शकत नाही, हे कसे होते? मी अनेक वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, पण या प्रश्नाने मला जसे धरले तसे पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याच आकृतीने धरले नव्हते. मज्जातंतू जिथे संपतो आणि स्नायू जिथे सुरू होतो तिथे दोघांचा स्पर्श होत नाही. मध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते, म्हणजे एका मिलिमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यातला एक. मेंदूतल्या दोन चेतापेशींमध्ये ही फट आणखी अरुंद, सुमारे २० नॅनोमीटरची असते. या जोडणीच्या जागेला सिनॅप्स म्हणतात. मण्यारीचे विष नेमके तिथेच काम करते.

ही फट आहे की नाही यावर एकेकाळी मोठा वाद होता. इटलीचे कामिल्लो गॉल्जी यांचे म्हणणे असे की मेंदूतले सगळे तंतू एकमेकांत मिसळून एक अखंड जाळे बनते. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी गॉल्जी यांच्याच रंगपद्धतीने पेशी पाहून उलट सांगितले, की प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे आणि ती दुसरीच्या जवळ येऊन थांबते. १९०६ साली दोघांना नोबेल पारितोषिक एकत्र मिळाले आणि त्या व्यासपीठावरूनही त्यांनी परस्परविरोधी मते मांडली. काहाल बरोबर होते, पण ती फट प्रत्यक्ष दिसायला १९५० च्या दशकातल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली.

फट आहे हे मान्य केले तरी संदेश ती ओलांडतो कसा, हा प्रश्न उरतोच. १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदये मिठाच्या पाण्यात ठेवली. पहिल्या हृदयाची गती मंद करणाऱ्या मज्जातंतूला त्यांनी विजेने चेतवले, ते हृदय मंदावले, आणि मग त्याच्याभोवतीचे पाणी त्यांनी दुसऱ्या हृदयावर सोडले. दुसऱ्या हृदयाला कोणीही चेतवले नव्हते, तरी तेही मंदावले. याचा अर्थ मज्जातंतूने पाण्यात एक रसायन सोडले होते. त्या रसायनाचे नाव ॲसिटिलकोलिन. विजेच्या रूपाने धावत आलेला संदेश इथे काठावर उतरतो आणि खाडी तरीतून ओलांडावी तसा रसायनाच्या रूपाने पैलतीराला जातो.

याच्या पुढची उकल समुद्राने करून दिली, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला ती अधिक जवळची वाटावी. म्हाकूल, म्हणजे स्क्विड, साफ करताना आपण त्याचे डोके ओढून काढतो, पाठीतली पारदर्शक पट्टी उपसतो आणि उरलेली पिशवी पाण्याखाली धरतो. ती पिशवी उभी चिरून आतली बाजू वर केली, तर डोक्याकडच्या काठाजवळ दोन्ही अंगांना एकेक पांढुरका ठिपका, म्हणजे चेतापेशींची गाठ, दिसतो आणि त्यातून चांदणीच्या किरणांसारखे तंतू मांसात शिरताना दिसतात. म्हाकूल संकटात पाणी जोराने बाहेर फेकून निसटतो, त्यासाठी सगळी पिशवी एका क्षणात आकसावी लागते, आणि म्हणून हे तंतू अतिशय जाड असतात. त्यांतला सर्वांत जाड तंतू काही जातींत एक मिलिमीटरपर्यंत भरतो. शास्त्रज्ञांनी वापरलेल्या जाती परदेशी किनाऱ्यांवरच्या होत्या, पण आपल्या बाजारातल्या म्हाकलाची रचना तीच आहे. त्या ठिपक्यातला सिनॅप्स इतका मोठा असतो की त्याच्या दोन्ही काठांवर बारीक विद्युतअग्रे खुपसून मोजमाप घेता येते. १९६० च्या दशकात बर्नार्ड कॅट्झ आणि रिकार्डो मिलेडी यांनी तिथे दाखवून दिले की लहर टोकाशी पोहोचते तेव्हा बाहेरचे कॅल्शियम आत शिरते, आणि कॅल्शियम आत शिरल्याशिवाय रसायन बाहेर पडत नाही. त्याआधी १९५० च्या दशकात कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या स्नायूवर हेही दाखवले होते की हे रसायन सलग धारेने झिरपत नाही, ते ठरावीक मापाच्या पुड्यांनी बाहेर पडते. एकेक पुडी म्हणजे टोकाशी साठवलेली एकेक सूक्ष्म पुटिका, आणि तिच्यात ॲसिटिलकोलिनचे हजारो रेणू. कॅट्झ यांना १९७० साली नोबेल मिळाले.

आता मण्यारीकडे परत जाता येते. तिच्या विषात दोन प्रकारची अस्त्रे असतात. एक पैलतीरावर, म्हणजे स्नायूवर, ॲसिटिलकोलिनसाठी असलेल्या रिसेप्टरवर, म्हणजे ते रसायन धरून घेणाऱ्या प्रथिनावर, जाऊन घट्ट बसते, त्यामुळे रसायन आले तरी त्याला जागा मिळत नाही. नागाच्या विषाचा मज्जासंस्थेवरचा मुख्य मार्ग हाच आहे. दुसरे अस्त्र अधिक वाईट आहे. ते ऐलतीरावर, मज्जातंतूच्या टोकात काम करते, तिथल्या पुटिकांचा साठा संपवते आणि ते टोकच उद्ध्वस्त करते. रक्तातले विष लस निष्प्रभ करते, पण मोडलेले टोक जोडून देणे तिच्या हाती नाही. ते टोक शरीराला पुन्हा वाढवावे लागते, त्याला दिवस, कधी आठवडे लागतात, आणि तोवर फुफ्फुसांत हवा भरण्याचे काम यंत्राने करायचे असते. आमच्या भावाच्या खाटेजवळ बसून जी वाट आम्ही पाहत होतो ती लसीचा गुण येण्याची आहे असे आम्हाला वाटत होते. खरे तर त्याच्या शरीरातली लाखो टोके नव्याने स्नायूंपर्यंत पोहोचत होती. पहिल्यांदा त्याच्या पायाचा अंगठा हलला तेव्हा काकी परिचारिकेच्या गळ्यात पडून रडली.

पुढे याच विषाने एका आजाराचे कोडे सोडवले. १९६३ साली तैवानमध्ये चांग आणि ली या संशोधकांनी तिथल्या पट्टेरी मण्यारीच्या विषातून रिसेप्टरला न सुटण्यासारखे चिकटणारे द्रव्य वेगळे केले. स्नायूवर रिसेप्टर कुठे आहेत आणि किती आहेत, हे मोजण्याचे साधन त्यामुळे हाती आले. मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाचा एक आजार आहे. त्यात दुपारनंतर पापण्या उतरतात, घास चावता चावता जबडा थकतो, बोलता बोलता आवाज बसतो. १९७३ साली या विषद्रव्याच्या मदतीने दिसून आले की अशा रुग्णांच्या स्नायूंवर रिसेप्टरच कमी असतात. त्याच वर्षी पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विद्युत ईलपासून काढलेला रिसेप्टर सशांना टोचला, तेव्हा सशांच्या शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली आणि ससे तसेच लुळे पडले. रुग्णाचे स्वतःचेच संरक्षण स्वतःच्या सिनॅप्सवर चालून जाते, हे तेव्हा कळले. उपाय मात्र आधीच सापडला होता. १९३४ साली इंग्लंडमधल्या डॉ. मेरी वॉकर यांना या रुग्णांची अवस्था क्युरारे या बाणांवरच्या विषाची बाधा झाल्यासारखी दिसली, आणि त्या विषाचा उतारा त्यांनी रुग्णाला देऊन पाहिला. काही वेळापुरत्या का होईना, पापण्या वर गेल्या. एका साध्या इस्पितळातल्या डॉक्टरने रुग्णाकडे नीट पाहून केलेला हा विचार मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठा वाटतो.

तो उतारा काय करतो हे समजायला फटीतला आणखी एक घटक पाहावा लागतो. संदेश पोचवून झाल्यावर ॲसिटिलकोलिन तिथून हटले नाही, तर स्नायू आकसलेलाच राहील. म्हणून फटीत एक एन्झाइम बसलेले असते, त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडून टाकतो आणि पुढच्या संदेशासाठी जागा मोकळी होते. या एन्झाइमला थोडे रोखले की ॲसिटिलकोलिन जरा जास्त वेळ टिकते आणि उरलेसुरले रिसेप्टर कामाला येतात. मेरी वॉकर यांचे औषध हेच करत होते. नागदंशात दिले जाणारे निओस्टिग्मिनही हेच करते. मण्यारीत मात्र बहुधा त्याचा भरवसा धरता येत नाही, कारण सोडायला रसायनच उरलेले नसते.

आणि हेच एन्झाइम आमच्या आंब्याच्या बागांतही गाठ पडते. मोहोर आला की तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात. त्यांतली ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधे कीटकाच्या शरीरातले हे एन्झाइम कायमचे बंद पाडतात, आणि माणसाच्या शरीरातले एन्झाइम त्याहून फारसे वेगळे नाही. उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडावर उभे राहून फवारणी करणाऱ्या गड्याला दुपारी घाम सुटतो, तोंडाला पाणी सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत कफ दाटतो, स्नायू फडफडतात. ऊन लागले म्हणून त्याला सावलीत निजवून लिंबाचे सरबत देणारी माणसे मी पाहिली आहेत. त्याला लागते ॲट्रोपिन, तेही तातडीने, आणि त्याचे कपडे काढून अंग साबणाने धुणे. हातमोजे आणि मुखपट्टी बागायतदाराने गड्याला द्यायची असते. ती देणे ही मेहेरबानी नव्हे.

विंचवाचेही इथे सांगायला हवे, कारण तो इतिहास कोकणातच घडला. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंतली सोडियमची दारे उघडीच ठेवते, त्यामुळे टोकांतून रसायनांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुफ्फुसांत पाणी भरते. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यावर वापरली. लोंढा थांबवता आला नाही तरी तो ज्या रिसेप्टरवर जाऊन आदळतो ते झाकता येतात, हा त्यामागचा विचार. पूर्वी शंभरातले तीस दगावत तिथे मृत्यूंचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आतापर्यंतचे सगळे स्नायूंचे आणि शरीराचे झाले. मेंदूत अशा चेतापेशी सुमारे ८६ अब्ज आहेत आणि त्यांतल्या एकेकीवर हजारो सिनॅप्स असतात. रसायनेही अनेक आहेत. ग्लुटामेट पुढच्या पेशीला उठवते, गाबा तिला शांत करते, आणि दोघांचा तोल सुटला तर फेफरे येते. डोपामिन कमी पडले तर कंपवात होतो. त्यावरचे लेव्होडोपा आपल्या कुंपणांवर वाढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत नैसर्गिकरीत्या असते. पण बियांतले प्रमाण सारखे नसते, म्हणून गोळी सोडून चूर्णावर विसंबणे मला पटत नाही.

स्नायूवरचा सिनॅप्स आज्ञा पोचवतो, आणि त्यात विचाराला जागा नाही. मेंदूतला सिनॅप्स मात्र वापराने बदलतो. १९७३ साली ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागात, दाखवले की काही क्षण जोराने चेतवलेला सिनॅप्स त्यानंतर तासन् तास अधिक जोमाने उत्तर देतो. एरिक कँडेल यांनी समुद्री सशावर, म्हणजे खडकाळ किनाऱ्यावर शेवाळ खात फिरणाऱ्या मऊ गोगलगायीसारख्या प्राण्यावर, पाहिले की थोड्या वेळाची आठवण असलेल्या जोडण्या बळकट करून होते, पण टिकणाऱ्या आठवणीसाठी नव्या जोडण्या उगवाव्या लागतात. त्यांना २००० साली नोबेल मिळाले. आपण ज्याला अनुभव म्हणतो तो या फटींच्या काठांवर साठतो. दोन पेशी एकमेकींत मिसळून गेल्या असत्या, तर एखादी जोडणी बळकट करणे आणि दुसरी सोडून देणे इतके मोकळेपणाने जमले नसते. गॉल्जी यांचे अखंड जाळे दिसायला सुंदर असेल, पण त्यात शिकायला जागा फार थोडी होती.

आईला अल्झायमर आहे. त्या आजारात मेंदूत साचणाऱ्या प्रथिनांविषयी बरेच लिहिले जाते. पण रुग्णाची स्मृती किती गेली याच्याशी सर्वांत जवळचे नाते किती सिनॅप्स गेले याचे आहे, हे १९९१ च्या सुमारास रॉबर्ट टेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. पेशी मरण्याच्या आधी तिच्या जोडण्या मरतात. हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या लगतचा भाग लवकर सापडतो, म्हणून आजची आठवण आधी जाते. आई मला विचारते, “तू कोणाची गो?” आमच्याकडे म्हाताऱ्या बायका गावातल्या कुठल्याही मुलीला हाच प्रश्न विचारतात, त्यामुळे आलेल्या पाहुण्यांना त्यात वेगळे काही जाणवत नाही. मी तिला तिचेच नाव सांगते. मे महिन्यात तिच्यासमोर रातांब्यांची टोपली ठेवली की ती प्रत्येक फळ आडवे चिरते, अंगठ्याने गर आणि बिया एका पातेल्यात सारते, सालांच्या वाट्या दुसरीकडे रचते, आणि रसात मीठ किती घालायचे ते बोटावर चाखून ठरवते. हाताच्या सवयी मेंदूच्या ज्या खोलच्या भागांत बसलेल्या असतात, तिथल्या जोडण्या या आजारात बराच काळ टिकतात.

तिला डोनेपेझिल ही गोळी सुरू आहे. ती मेंदूतले तेच एन्झाइम, बागेत फवारले जाणारे औषध जे बंद पाडते तेच, हलक्या हाताने आणि सोडून देता येईल असे रोखते, कारण या आजारात ॲसिटिलकोलिन पुरवणाऱ्या पेशीही घटत जातात. ती आजार थांबवत नाही. काही काळ थोडे बरे दिसते, आणि घरात म्हातारे माणूस असलेल्यांना त्या थोड्याची किंमत कळते.

या गोळीने आईला वारंवार लघवीला जावे लागू लागले, कारण मूत्राशयातही ॲसिटिलकोलिनचेच राज्य आहे. त्यासाठी दुसऱ्या एका डॉक्टरांनी, पहिल्यांची चिठ्ठी न पाहता, मूत्राशय शांत करणारी गोळी दिली. ती गोळी ॲसिटिलकोलिनचे रिसेप्टर झाकते आणि मेंदूतलेही झाकू शकते. म्हणजे एक औषध रसायन वाढवत होते आणि दुसरे त्याला पोहोचू देत नव्हते. आई दिवसभर गुंगीत राहू लागली, संध्याकाळी घरातच वाट चुकू लागली, आणि सगळ्यांनी ते आजार वाढल्याचे लक्षण मानले. मी दोन्ही पट्ट्या मेंदूविकारतज्ज्ञांपुढे ठेवल्या. त्यांनी दुसरी गोळी बंद केली, पहिलीची वेळ सकाळची केली, आणि दर दोन-तीन तासांनी आईला आपणहून मोरीत घेऊन जा म्हणून सांगितले. सर्दी-खोकल्याची, खाजेची आणि झोपेची काही औषधेही हेच रिसेप्टर झाकतात, तेव्हा तीही विचारल्याशिवाय द्यायची नाहीत. काही आठवड्यांत तिची गुंगी उतरली. नाव तिला अजून आठवत नाही, पण संध्याकाळी आता ती माजघरातून स्वयंपाकघरात कोणालाही न विचारता जाते.